वणीच्या उन्हाची ऐट, व्हिएतनामचा घाम

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला माझं कूलरचं दुकान आहे. पत्रा कापायचा, ताट्या (कूलरच्या गवताच्या बाजू) भरायच्या, मोटर बसवायची आणि होळीपासून जूनपर्यंत गिऱ्हाइकांच्या शिव्या खायच्या, हा माझा धंदा. आमच्याकडे मे महिन्यात पारा सेहेचाळीसच्या वर गेला की लोक घाबरत नाहीत, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मुद्दाम फोन करून सांगतात. कोळशाची धूळ आणि ऊन या दोन गोष्टी आम्ही फुकटात खातो आणि त्यातल्या उन्हाची आम्हाला ऐट आहे. ती ऐट परदेशात कशी जिरली, ते सांगतो.

आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. चालणं कमी, चहा जास्त. यंदा सगळ्यांनी मिळून ऐन मे महिन्यात व्हिएतनामला जायचं ठरवलं, कारण तेवढेच दिवस वणीच्या उन्हातून सुटका. सीझनमध्ये दुकान सोडतो म्हणून धाकट्या भावानं तोंड वाकडं केलं, पण मी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. नागपूरच्या टूरवाल्या मुलीनं निघण्याआधी फोन करून सूचना दिल्या. त्या आम्ही चहाच्या टपरीवर स्पीकर लावून ऐकल्या. तिकडे पस्तीस-छत्तीस असतं पण हवा फार दमट असते, पातळ आणि सैल कपडे आणा, मीठ-साखरेच्या पुड्या ठेवा, दुपारी फिरू नका, असं ती पोटतिडकीनं सांगत होती. आम्ही त्यातलं फक्त पस्तीस ऐकलं. युसूफभाई म्हणजे आमच्या ग्रुपमधले गॅरेजवाले. ते म्हणाले की पस्तीसला तर आपल्याकडे स्वेटर शोधतात. माझी बायको सुनंदा हिनं खरोखरच बॅगेत एक शाल टाकली.

ज्यानं हसायला नको होतं असं एक माणूस आमच्यात होतं, पण सगळ्यात जोरात तेच हसलं. कमलबाई राठोड आमच्याच गल्लीतल्या. मूळच्या ढाणकीकडच्या एका तांड्यातल्या (बंजाऱ्यांची वस्ती). नवरा खाणीत कामाला होता, तो वारल्यापासून वणीच्या घरात एकट्या राहतात. एकट्या म्हणायचं इतकंच, कारण त्यांच्या ओट्यावर दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं आणि कमलबाई अखंड बोलत असतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, बऱ्या झाल्या, पण पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा अरविंद तेव्हापासून हट्टाला पेटला. आता आईनं एकटं राहायचं नाही, पुण्याला फ्लॅटवर यायचं, वणीचं घर भाड्यानं द्यायचं.

कमलबाईंना ते मान्य नव्हतं. "आमचे लोक बैलाइच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरले," त्या मला म्हणाल्या, "आन् मी काहून एका फ्लॅटात बसून राहू?" शेवटी मायलेकांत सौदा ठरला. हा प्रवास सुखरूप झाला तर वणीत राहायचं. मध्ये काही झालं तर नागपूरला विमानातून उतरल्याबरोबर पुण्याचं विमान पकडायचं. अरविंद स्वतः नागपूरला घ्यायला येणार होता. मी त्याला फोनवर ठणकावून सांगितलं की तुझी आई माझ्या जबाबदारीवर आहे, आणि उन्हाचं म्हणशील तर मी उन्हावरच पोट भरतो.

मग काय, ग्रुपनं मला उन्हाळ्याचा मंत्रीच करून टाकलं. मी प्रत्येकाला एक जाड सुती दुपट्टा घ्यायला लावला. तो ओला करून डोकं, कान, मान असं गच्च बांधायचं, फक्त डोळे उघडे ठेवायचे. वणीत हे शहाणपण लहान पोरालाही कळतं. खिशात कांदा ठेवायचा. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे घालायचे, म्हणजे झळ लागत नाही. शिवाय मी रात्री जागून एक छोटा कूलर बनवला, बॅटरीवर चालणारा, डब्याएवढा, आत वाळ्याची ताटी. पहिल्यांदा चालवला तेव्हा दुकानात वाळ्याचा असा काही वास दरवळला की भावाचंही तोंड सरळ झालं.

नागपूरच्या विमानतळावर तपासणीत आमच्या बॅगांमध्ये इतके कांदे निघाले की तिथल्या पोलिसानं आधी भुवया उंचावल्या आणि मग आमचं गाव विचारलं. वणी म्हटल्यावर त्यानं बॅगा पुढे सरकवल्या. स्वतः आमच्याच जिल्ह्यातल्या आर्णीचा निघाला. मध्ये एकदा विमान बदलायचं होतं. तिथे भूक लागली तेव्हा युसूफभाईंनी बाकावर बसून बुक्कीनं कांदे फोडले आणि आम्ही ते भाकरी-ठेच्याबरोबर संपवले. आसपासच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या.

हनोईला विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. काहीच दिसेना. मी पुसला, तो पुन्हा पांढरा. सुनंदा म्हणाली की कोणी तरी डाळीचा कुकर उघडलाय वाटतं. ऊन असं फारसं नव्हतंच, आभाळ नुसतं दुधाळ होतं. तरी बसपर्यंत चालत जाईस्तोवर सदरा पाठीला चिकटला. आमच्याकडे घाम येतो पण तो दिसत नाही, अंगावरच वाळून जातो आणि मागे मिठाची पांढरी रेघ ठेवतो. इथे घाम नाकावरून, कानामागून, कोपरावरून टपटप गळत होता आणि वाळायचं नावच नाही. बॅटरीच्या कूलरचा डबा मी छातीशी धरला होता.

आमची तिथली गाइड लान नावाची हसरी मुलगी होती. भारतीय पर्यटकांमध्ये राहून तिला 'चलो चलो' आणि 'पानी पियो' हे दोन मंत्र पाठ झाले होते, बाकी सगळं ती सोप्या इंग्रजीत सांगायची. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला जुन्या हनोईत फिरवलं. रस्ता ओलांडायचा म्हणजे स्कूटींच्या लोंढ्यात सरळ चालत सुटायचं, त्या आपोआप बाजूनं जातात. त्या स्कूटींवरच्या पोरी पाहून आम्हाला एकदम घरच्यासारखं वाटलं. तोंड झाकलेलं, हात झाकलेले, फक्त डोळे दिसतात, अगदी यवतमाळच्या दत्त चौकात उभं राहिल्यासारखं. मी लगेच सगळ्यांना सांगितलं की बघा, इथेही माझीच पद्धत आहे. लाननं हळूच सांगितलं की तो झिरझिरीत कपडा असतो आणि गाडी थांबली की त्या आधी तो काढतात. मी ते कानाआड केलं.

खाण्याची मात्र चंगळ झाली. 'फो चाय' (भाज्या घातलेलं शेवयांचं शाकाहारी सूप) कमलबाईंना इतकं आवडलं की त्यांनी त्यात आपल्या पिशवीतला ठेचा कालवून बाजूच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला चाखायला दिला. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. फूटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून लोक 'त्रा दा' (बर्फ घातलेला कोरा चहा) पीत होते. आमच्यातल्या निम्म्या जणांना त्या स्टुलावर बसता आलं पण उठता येईना. 'नुओक मिया' म्हणजे उसाचा रस. चरकाची घंटा तेवढी नव्हती, बाकी सगळं आपल्या रसवंतीसारखंच, फक्त उसाबरोबर एक छोटं संत्रं पिळतात. नागपुरी संत्र्याशी इमान राखून मी ते नापसंत केलं आणि दोन ग्लास प्यायलो.

तिसऱ्या दिवशी निन्ह बिन्हला गेलो. तिथे भातशेतीतून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर आहेत आणि भात पिवळा झालेला होता. डोळ्यांचं पारणं फिटलं. शेतातल्या एका घरगुती हॉटेलात उतरलो आणि दुपारी वीज गेली. सगळे हवालदिल झाले, मी मात्र मनातून खूष. माझा डबा बाहेर काढला, ताटी ओली केली, बटण दाबलं. पाच-सहा मिनिटांत खोलीत पाण्याची वाफ भरली, पलंगाची चादर ओलसर झाली आणि सुनंदानं मला डब्यासकट बाहेर काढलं.

ओसरीवर बसल्यावर मला माझंच हसू आलं. पावसाळ्यात गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगतं की भाऊ, कूलर चिपचिप करून राह्यला. मी त्याला दरवर्षी हेच उत्तर देतो. हवेत आधीच पाणी असेल तर कूलरचं पाणी वाळणार कुठं, आणि पाणी वाळलं नाही तर गारवा येणार कुठून. कूलर बंद ठेवा आणि पंखा लावा. इतकी वर्षं जे लोकांना शिकवलं ते स्वतःला लागू होतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं तेही फक्त कूलरपुरतं. जे ओल्या ताटीला लागू, तेच डोक्याला बांधलेल्या ओल्या दुपट्ट्याला लागू, इतका पुढचा विचार मी केलाच नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीतून फिरायचं होतं. कमलबाई तयार होऊन आल्या आणि आम्ही बघतच राहिलो. त्यांनी आपल्या आईची फेटिया-कांचळी (बंजारा घागरा-चोळी) घातली होती. आरसे, कवड्या, नाणी, सगळं मिळून चांगलं घमेलंभर वजन असेल. त्या होडीत आपला फोटो काढून तांड्यावर पाठवायचा, हे त्यांनी वणीतच ठरवलं होतं. लान काळजीनं काही तरी सांगू लागली, पण मी मध्ये पडलो. त्यांच्या ओढणीवरून माझा ओला दुपट्टा गच्च बांधून दिला आणि म्हटलं, आता काही होत नाही.

एका होडीत मी, युसूफभाई आणि कमलबाई. मागच्या होडीत सुनंदा आणि लान. तिथल्या बायका होडी पायानं वल्हवतात. मागे रेलून बसायचं आणि दोन्ही पायांनी वल्ही मारायची. आमची होडीवाली पन्नाशीची होती, डोक्यावर टोपलीसारखी वेताची टोपी. कमलबाई आणि ती दोघी लगेच बोलायला लागल्या. एकीचं एकीला कळत नव्हतं, तरी पोरं किती, नवरा काय करतो, बांगड्या कुठल्या, हे सगळं विचारून झालं. दोन्ही बाजूंना पिवळा भात, मध्ये हिरवं पाणी, वर डोंगरावर बकऱ्या. मी फोटो काढत होतो.

"प्रभाकरभाऊ," युसूफभाई हळूच म्हणाले, "कमलबाई चुप काहून हाय?"

मी वळून पाहिलं. कमलबाई बसल्या होत्या, पण मान एका बाजूला कलली होती. चेहरा लाल, ओठ कोरडे. हाक मारली तर डोळे उघडले आणि परत मिटले. अरविंदला दिलेला शब्द आठवला, पण त्याच्याही आधी हे आठवलं की तो दुपट्टा मी स्वतःच्या हातानं बांधला होता.

काय झालंय ते होडीवालीनं आमच्या आधी ओळखलं. तिनं चार जोरकस वल्ह्यांत होडी डोंगराखालच्या गुहेत घातली. आत सावली होती आणि गार हवा वाहत होती. मागची होडी येऊन टेकली, सुनंदा आमच्या होडीत आली आणि आम्ही दोघं पुरुष पाठ फिरवून बसलो. मागे दुपट्टा सुटल्याचा, कांचळीचे बंद सोडल्याचा, नाणी वाजल्याचा आवाज येत होता. होडीवाली टोपीनं जोरजोरात वारा घालत होती. लान सांगत होती की नुसतं ओलं करून बांधू नका, पाणी लावा आणि वारा घाला, हवा लागू द्या. युसूफभाई ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत होते. मला एकही देव धड आठवेना.

मग होडीवालीनं तिची बाटली काढली. त्यात 'चान मुओई' होतं (मिठात मुरवलेल्या लिंबाचं सरबत). सुनंदानं घोट घोट करून पाजलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मागून आवाज आला.

"हे तं आपल्या लोणच्याचं पाणी हाये," कमलबाई म्हणाल्या. "थोडं अजून दे वो."

युसूफभाईंनी माझ्या पाठीवर जी थाप मारली, तिनं होडी हलली. मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळ्यांनी पाहिलं.

लाननं काठावर येताच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की अंगातलं मीठ-पाणी गेलं होतं आणि कपड्यांनी उष्णता कोंडून धरली. आज विश्रांती, बाकी काळजीचं कारण नाही. संध्याकाळी अरविंदचा रोजचा फोन आला. मी सांगायला तोंड उघडलं तर कमलबाईंनी हातानं थांबवलं. फोनवर सांगितलं तर तो रात्रभर झोपायचा नाही, घरी गेल्यावर मी स्वतः सांगेन, असं त्यांनी नंतर मला बजावलं. मी विचारलं की सांगितल्यावर घराचं काय होईल. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

त्या दिवसापासून मंत्रिपद माझ्याकडून लानकडे गेलं. जाड कपडे बॅगेच्या तळाशी गेले. सकाळी उजाडताच बाहेर पडायचं, ऊन चढलं की परत यायचं, दुपारी तिथल्या दुकानदारांसारखं खुशाल झोपायचं आणि संध्याकाळी पुन्हा निघायचं. नुसतं पाणी प्यायचं नाही, मीठ-लिंबू घालून प्यायचं. बाजारात कमलबाईंनी 'दो बो' घेतला (सदरा-पायजम्याचा पातळ, फुलाफुलांचा जोड, तिथल्या बायका घरीदारी तोच घालतात). पिवळ्यावर जांभळी फुलं, हातात कोपरापर्यंत बांगड्या आणि डोक्यावर वेताची टोपी. आमच्या बाकीच्या बायकांनीही तसेच घेतले आणि मग त्या रस्त्यानं चालल्या की स्कूटीवाले वळून पाहायचे. सुनंदानं शाल एकदाच वापरली, बसमधल्या एसीत, आणि ती वापरताना माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हनोईच्या हॉटेलात खाली एसी जोरात चालू होता. कमलबाई म्हणाल्या की आता फेटिया घालते. लाननं डॉक्टरसारखी त्यांची नाडी पाहून परवानगी दिली. त्या गार हवेत त्यांनी आईचे कपडे घालून एक लेंगी (होळीचं बंजारा गाणं) म्हटली आणि फेर धरला. आरशांतून दिव्यांचे तुकडे भिंतीभर पळाले. हॉटेलची पोरं-पोरी काम सोडून आली, युसूफभाईंनी टेबलावर ठेका धरला आणि शेवटी मॅनेजरही फेरात आला. तांड्यावर फोटो गेला तो तिथला. पण कमलबाई दमून खुर्चीत बसल्या तेव्हा मी जवळ गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, घर गेलं तरी हे गेलं नाही."

नागपूरला दुपारी उतरलो. आम्हाला वणीला न्यायला युसूफभाईंच्या गॅरेजची गाडी आली होती. बाहेर येताच तोंडावर झळ आली आणि अंगावरचा सगळा ओलावा क्षणात वाळला. इतके दिवस ज्या उन्हातून पळालो होतो, ते ऊन अंगाला लागल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्याची बढाई मारायची इच्छा मात्र राहिली नव्हती. प्रत्येक मुलखाचं ऊन त्या मुलखाच्या माणसांना विचारूनच अंगावर घ्यावं, एवढं मी शिकून आलो होतो.

अरविंद दाराशीच उभा होता. चेहऱ्यावर हसू होतं, हातात मोबाइल आणि त्या मोबाइलमध्ये पुण्याची दोन तिकिटं असावीत हे मला त्याच्या नजरेवरून कळलं. तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "याडी (आई), तब्येत बरी राहिली ना?"

"नावेत पडलती मी," कमलबाई म्हणाल्या. "डोळ्यापुढं अंधार आलता."

अरविंदनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दुपट्टा मी बांधला होता हे मी त्याला सांगितलं, सगळं सांगितलं. तो रागावला नाही, त्याचा आवाज फक्त खाली गेला. "काका, म्हणूनच मी म्हणत होतो. ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं," कमलबाई म्हणाल्या. "मी नाई म्हणत नाई. पण पुरं ऐक. मी चुप झाली तं युसूफभाऊले लगेच समजलं का कमल चुप काहून हाये. आमच्या गल्लीतबी तसंच समजते. तुह्या घरी लेकरू शाळेत, तुम्ही दोघं नवरा-बायको सकाळी दार लावून कामाले जाता, ते रात्री येता. तथी मी चुप झाली तं कोणाले समजन?"

माणसं आमच्या बाजूनं बॅगा ओढत जात होती. कमलबाईंनी पुढे होऊन त्याच्या गालाला हात लावला. "येईन मी तुह्याकडं. दिवाळीले येईन, लेकराच्या वाढदिवसाले येईन. आन् तुह्यासंगं आत्ताच याचं असन तं आत्ताच येतो. शब्द दिला होता मी."

एवढं बोलून त्या त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. अरविंदनं मोबाइलकडे पाहिलं, तो खिशात टाकला आणि आईची बॅग उचलली. मग युसूफभाईंकडे वळून त्यानं विचारलं, "चाचा, वणीच्या गाडीत दोन जागा होतील का?"